‘म्हणल्या’वरची लाल शाई : सामाजिक न्यायाला गुण देण्याचं एक प्रकरण

मे महिन्यातली दुपार. तोंडी परीक्षा आटोपल्या होत्या, गुण विद्यापीठाकडे गेले होते आणि मी स्टाफरूममध्ये ॲटेनमेंटचा, म्हणजे कुणाला किती साध्य झालं याचा, तक्ता भरत बसले होते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या एम.ए.सारख्या पदवीच्या, पहिल्या वर्षाचा एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात क्षेत्रकार्याच्या, म्हणजे संस्थेत-वस्तीत जाऊन केलेल्या कामाच्या, मूल्यमापन फॉर्मची झेरॉक्स. म्हणाला, “मॅडम, भांडायला नाही आलो. विचारायचं होतं फक्त. ‘विविधतेची जाणीव’ या रकान्यात मला ५ पैकी २ आहेत. मला नेमकं काय आलं नाही?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. प्रश्नावलीत गुण कमी, वर्गातल्या चर्चेत गप्प, सोसायटीतल्या रहिवाशांशी वर्षभरात एकदाही बोलणं नाही. तेच मी त्याला ऐकवलं. “बरं,” म्हणून तो गेला. पंचाईत पुढे झाली. त्याच तक्त्यात, त्याच्याच बरोबर कचरा निवडण्याच्या त्याच शेडवर जाणाऱ्या मुलीला ५ पैकी ५ होते. दोन्ही आकडे माझ्याच हातचे. कशावरून दिले, हे स्वतःला विचारलं तर नीट सांगता येईना.

दोघांची नावं इथे देत नाही. बदललेली नावंही देत नाही, कारण आपल्याकडे बनावट आडनावसुद्धा काहीतरी सांगून जातं आणि वाचणारा आधी तेच हुंगतो. ती कोथरूडची, तो उदगीरकडचा. एवढ्यावर भागवू.

आकडे कुठून आले

आमच्या विभागात जुन्या लोकांसमोर ‘सीओ’ म्हटलं की त्यांना कम्युनिटी ऑर्गनायझेशन आठवतं, वस्ती आठवते. हल्ली सीओ म्हणजे कोर्स आउटकम. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची असते, प्रत्येक विषयातून विद्यार्थ्याला काय आलं याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे आकडा. ‘विद्यार्थी विविधता आणि सामाजिक न्याय यांविषयी संवेदनशील होईल’ हे आमचं एक आउटकम. ‘संवेदनशील होईल’ हे क्रियापद मोजता येत नाही म्हणून बैठकीत त्याचं ‘संवेदनशीलता प्रदर्शित करेल’ केलं. तेव्हा मीही मान डोलावली होती. आता वाटतं, पुढे जे घडलं त्याचं बीज त्या ‘प्रदर्शित’मध्येच होतं.

आकडे तीन ठिकाणांहून येत. पहिला, लेखी पेपर. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुलैत मुलांना गंज पेठेतल्या फुलेवाड्यात नेतो, त्यामुळे फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला हे जवळजवळ सगळे लिहितात. १९२९ चा पर्वती सत्याग्रह, संविधानाचं कलम १७, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१६ च्या कायद्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार, हेही येतं. दोघांनीही लिहिलं होतं. तिचं अक्षर चांगलं, परिच्छेद आखीव. हे सगळं पाठ असण्यात वाईट काही नाही. पाठ नसण्यापेक्षा केव्हाही बरं.

दुसरा आकडा प्रश्नावलीचा. पंचवीस विधानं, ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच पर्याय, जुलैत एकदा भरायची आणि एप्रिलमध्ये पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे वर्षभराचं शिकणं. कोथरूडच्या मुलीने जुलैतच जवळपास सगळीकडे ५ घेतले होते. एप्रिलमध्ये वाढायला जागाच उरली नव्हती. पण एकूण गुण उत्तम, म्हणून आउटकम साध्य. उदगीरच्या मुलाचे गुण जुलैतही कमी आणि एप्रिलमध्येही कमी. तक्त्याच्या भाषेत त्याच्यावर वर्षभर काही परिणाम झाला नव्हता.

तो येऊन गेल्यावर मी त्याची प्रश्नावली शोधून काढली. विधान क्रमांक ७ : ‘वेगळ्या जातीच्या व्यक्तीच्या घरी जेवताना मला संकोच वाटत नाही.’ त्याची खूण ‘असहमत’वर. आणखी चार-पाच ठिकाणी असंच.

आठवड्याने त्याला बोलावलं. चहा मागवला. विचारलं, इथे असहमत का?

“संकोच वाटतो म्हणून, मॅडम. खोटं कशाला लिहू?” मग थोड्या वेळाने : “अकरावीत एका दोस्ताच्या घरी गेलो होतो. चौघं होतो. त्याच्या आईनं आडनावं विचारली. जेवायला वाढलं चांगलं. उठल्यावर मला म्हणल्या, तुझं ताट तेवढं मोरीत विसळून ठेव. बाकीच्या तिघांची ताटं तशीच होती.”

विधान ७ वाचून त्याने खरं उत्तर दिलं होतं आणि त्या खऱ्या उत्तरासाठी मी त्याचे गुण कापले होते.

हे विधान लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं? लिहिणारे आम्हीच. काही वर्षांपूर्वी मी आणि एका सहकाऱ्याने इंग्रजीतल्या वंशविषयक प्रश्नावलीचा कच्चा आराखडा घेतला, ‘वंश’ खोडून ‘जात’ घातली आणि मराठी केलं. तिकडच्या प्रश्नावलीत भरणारा बहुधा गोरा, म्हणजे वरून खाली पाहणारा, असं गृहीत असावं. आम्ही शब्द बदलला, पाहणाऱ्याची जागा तशीच राहू दिली. ज्याला वाढलं जातं त्याचा संकोच आणि जो वाढतो त्याचा संकोच यांना आमच्या प्रश्नावलीत एकच रकाना होता. ‘विविधता’ या शब्दातच गडबड आहे म्हणा. शाळेपासून ‘विविधतेत एकता’वर निबंध लिहून आपल्याला वाटायला लागतं की सगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी मांडलेल्या आहेत. आंबेडकरांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. जात ही उतरंड आहे; वरच्या मडक्याला आणि खालच्या मडक्याला एकच प्रश्न विचारून भागत नाही.

आणि मुलीचे ते ५? ती खोटं बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण समाजकार्याच्या वर्गात बसून ‘मला संकोच वाटतो’ असं कोण लिहील? २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात लोकांना घरी अस्पृश्यता पाळली जाते का, असं थेट विचारलं होतं. देशभरात साधारण २७ टक्के कुटुंबांनी कुठल्या ना कुठल्या रूपात ‘हो’ म्हटलं, महाराष्ट्रात ४ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा वर्गात सांगितला की पुण्यातली मुलं खूश होतात आणि मराठवाड्यातली एकमेकांकडे बघतात. फुले-शाहू-आंबेडकरांच्या राज्यात खरोखर कमी पाळतात, की इथल्यांना काय उत्तर द्यायचं हे जास्त चांगलं कळतं? दोन्ही थोडं-थोडं असणार. त्या एका आकड्यातून ते वेगळं काढता येत नाही.

कागदावरचं आणि हातून घडणारं यांत अंतर असतं ही काही नवी बातमी नाही. रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३४ साली एक अभ्यास छापला. एका चिनी जोडप्याबरोबर तो अमेरिकाभर फिरला. २५१ हॉटेलं, खानावळी आणि मुक्कामाची ठिकाणं. नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ उत्तरं आली, त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त ‘नाही’ म्हणणारी. तिथे कागद कडक होता आणि वागणं मवाळ. आमच्याकडे बरोबर उलटं : कागद लोण्यासारखा.

शेड

तिसरा आकडा क्षेत्रकार्याचा, आणि त्याचंच वजन सगळ्यांत जास्त. आठवड्यातले दोन दिवस, शुक्रवार-शनिवार, मुलं संस्थेत किंवा वस्तीत जातात. या दोघांना सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका वर्गीकरण शेडवर दिलं होतं. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यासाठी ‘कचरावेचक’ म्हणजे नुसता दयेचा विषय राहत नाही. ओळखपत्र असलेली, दरमहा घरटी पैसे घेणारी कामगार बाई समोर असते. या कामातल्या बहुतेक बाया दलित. पुष्कळ घरं ७२ च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून आलेली.

शेडवर अकरा जणी. सकाळी सातला ढकलगाड्या घेऊन सोसायट्यांत, अकराच्या पुढे शेडवर सुका कचरा निवडायचा : पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, काच वेगळी. ओल्या कचऱ्यात कुणीतरी डायपर टाकलेलं असतंच.

विद्यार्थी दर आठवड्याला अहवाल लिहितात, शब्दशः संवादासकट. मी ते वाचते, लाल पेनाने शेरे लिहिते, मग आयसीत, म्हणजे एकेकट्याशी बसून, बोलते. एजन्सी सुपरवायझरची सही असते. शेऱ्याच्या जागी वर्षानुवर्षं, सगळ्यांना, ‘चांगले काम’.

दोघांच्या फायली शेजारी-शेजारी ठेवल्या. मुलाची फाईल माझ्या लाल शाईने रंगलेली. ‘मावशी म्हणल्या की पुठ्ठ्याचा भाव उतरला.’ ‘म्हणल्या’भोवती गोल, वर ‘म्हणाल्या’. पुढच्या पानावर पुन्हा. पाचव्या अहवालावर माझा शेरा : ‘प्रमाण भाषेकडे लक्ष द्यावे.’ मुलीच्या फाईलवर लाल जवळपास नाही. ‘मावशी म्हणाली की सोसायटीत लिफ्ट वापरू देत नाहीत.’ शुद्ध.

ही दोन वाक्यं मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. मग पेन्सिल घेतली आणि मुलीच्या अहवालांतली क्रियापदं खुणा करत गेले. चेअरमन काका म्हणाले. त्यांच्या मिसेस म्हणाल्या. सेक्रेटरी आले. वॉचमन आला. मावशी म्हणाली. दुसरी मावशी रडायला लागली. अहोजाहोची हद्द बरोबर सोसायटीच्या गेटमधून जात होती. मुलाच्या फाईलमध्ये सगळ्यांना ‘म्हणल्या’ आणि ‘म्हणले’, वॉचमनलासुद्धा. मी त्याचा आकार दुरुस्त करत राहिले आणि त्याने घातलेलं आदराचं अनेकवचन मला वर्षभर दिसलंच नाही.

इथे लगेच निकाल लावण्याची घाई मला झाली होती, ती आवरली हे बरं. एकेरी म्हणजे अनादर असं मराठीत म्हणता येत नाही. आपण आईला ‘अगं’ म्हणतो, विठोबाला ‘अरे’. खेड्यात मावशीला ‘तू’च म्हणतात, आणि त्या अकरा जणी आपसांत ‘ए’शिवाय बोलत नाहीत. तिने सगळ्यांनाच एकेरीत लिहिलं असतं तर ती लिहिण्याची लकब म्हटली असती. खटकला तो एकाच पानावरचा बदल. आणि मग माझेच लाल शेरे वाचले : ‘वॉचमन का अडवतो? त्याच्याशी बोल.’ विभागाच्या इतिवृत्तात तर काय, प्राचार्य ‘आले’ आणि शिपाई ‘आला’. तेव्हा बोट दाखवायचं तर कुणाकडे?

अकरा जणींना विचारलं

जूनच्या पहिल्या पावसात शेडवर गेले. पत्र्याच्या एका बाजूने गळत होतं आणि सगळ्यांची पुठ्ठा आत ओढायची धावपळ चालली होती. भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव पडतो. मीही दोन गठ्ठे ओढले, मग एका पोत्यावर बसले. हातातलं काम कुणी सोडलं नाही, सोडावं असं मीही म्हटलं नाही.

विचारलं, आमचे विद्यार्थी कसे वाटले?

“चांगली हायेत पोरं.”

झालं. हीसुद्धा प्रश्नावलीच, आणि त्यांनीही ५ च दिले. कॉलेजच्या मॅडमसमोर कॉलेजच्या पोरांना नावं कोण ठेवणार? मग प्रश्न फिरवला : पुढच्या वर्षी दोघांतलं एकालाच पाठवता आलं तर कुणाला पाठवू?

आता मात्र जुंपली.

“पोरगी पाठवा. बोलाय धट हाय.”

“कशाला? वर्सभर मावशी-मावशी करीत ऱ्हायली. आमी अकरा जणी हाव. कंची मावशी?” या सगळ्यांत वयस्कर होत्या. “एकीचंबी नाव ठावं न्हाई तिला. त्यो पोरगा दुसऱ्या खेपेला नावं इचारून गेला, वहीत लिवली. माझं गाव इचारलं. त्येच्या तालुक्यातलंच निघालं.”

“नावं लिवून काय करता? गेटच्या आत येत न्हाई त्यो. गाडीपाशी हुबा ऱ्हातो. भांडान झालं तवा पोरगीच होती की आत.”

‘मावशी’ हा आमच्या क्षेत्रात आदराचा शब्द मानतात. पहिल्याच आठवड्यात आम्ही मुलांना सांगतो, मावशी म्हणा, ताई म्हणा, नातं जोडा. अकरा जणींना एकच नातं लावलं की नाव विचारायची गरज उरत नाही, हे वीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भांडण लिफ्टचं. सहा मजल्यांची सोसायटी, एकच लिफ्ट, आत पाटी : ‘कचरा नेणाऱ्यांनी लिफ्टचा वापर करू नये.’ कोथरूडच्या मुलीने हा विषय स्वतःहून हातात घेतला. चेअरमन तिच्या वडिलांच्या ओळखीचे निघाले. ती त्यांच्या घरी गेली, समितीच्या बैठकीला बसली, पंधरा मिनिटं बोलली. बोललीही चांगली, संविधानापासून गुडघ्यांपर्यंत. समितीने मान्य केलं : वर जाताना रिकाम्या बादल्यांसह लिफ्ट वापरता येईल, खाली येताना, वास आणि सांडण्याचा प्रश्न असल्याने, जिना. अहवालात तिने लिहिलं होतं, ‘यशस्वी हस्तक्षेप. मी त्यांच्या वतीने भूमिका मांडली.’ मी बाजूला लिहिलं होतं, ‘उत्कृष्ट!’ आणि ‘सामाजिक न्याय’ या रकान्यातही ५ दिले होते.

“वर जाताना लिफ्ट, उतरताना जिना,” पोरगीच्या बाजूने बोलणाऱ्या बाईच हसत म्हणाल्या. “वज्याच्या येळंला जिनाच.”

मग मिटिंगला तुम्ही का नाही गेलात?

“बोलीवलं कुणी? बसवलं असतं तर उतरतानाचंच आदी बोललो असतो. चढायला काय, बादली मोकळीच असती.”

पूर्ण प्रकरणात मला याहून नेमकं मूल्यमापन मिळालं नाही. मुद्दा पोचला होता, बोलणारी तयारीची होती, निकालही लागला. फक्त ज्यांचे गुडघे दुखतात त्या खोलीत नव्हत्या, म्हणून चुकीच्या दिशेची लिफ्ट मिळाली. समाजकार्याची जागतिक व्याख्या २०१४ मध्ये नव्याने मांडली गेली, तीत सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही चार तत्त्वं एका ओळीत आहेत. आम्ही पहिलं आणि शेवटचं उचलून रकाने केले. ‘सामूहिक’ला रकानाच नव्हता.

दोघांशी पुन्हा

मुलाला विचारलं, गेटच्या आत का जात नव्हतास? माझ्या लाल शाईत त्याबद्दल ‘पुढाकाराचा अभाव’ असं लिहिलेलं होतं.

पहिल्या शुक्रवारी दोघं बरोबरच गेले. ती दोन पावलं पुढे होती, सरळ आत गेली. वॉचमनने याला थांबवलं : कुणाकडे, काय काम, ओळखपत्र, रजिस्टरमध्ये सही, मग ऑफिसला फोन. दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यापासून तो गाडीपाशी थांबू लागला.

“हे अहवालात का नाही लिहिलंस?”

“अहवाल त्यांच्याबद्दल असतो ना, मॅडम? माझ्याबद्दल कशाला?”

याला काय म्हणणार. आम्हीच शिकवतो, तटस्थ लिहा, ‘मी’ कमी वापरा.

मुलीशी बोलणं अवघड जाईल असं वाटलं होतं. तिच्याच फाईलवर खुणा करून तिच्यासमोर ठेवल्या. आधी ती चिडली. “मी आईलाही अगं-तूच करते.” मग पानं उलटत राहिली. चेअरमनच्या मिसेसपाशी थांबली. म्हणाली, “त्या मला मॅडम म्हणायच्या. मावशी. म्हणजे... शेडवरच्या सगळ्या. मी एकवीस वर्षांची. पहिल्या दिवशी विचित्र वाटलं, नंतर सवय झाली.” लिफ्टबद्दल म्हणाली, “मला वाटलं मीटिंगमध्ये त्यांना अवघडल्यासारखं होईल.” विचारलं होतंस? “नाही.” आणि शेवटी, अगदी विद्यार्थ्यासारखं : “मग आता माझे मार्क कमी होणार?”

होणार नव्हते, गुण गेले होते. पण तिला तीच प्रश्नावली पुन्हा भरायला दिली, गुणांसाठी नाही, अशीच. विधान ७ वर तिने बराच वेळ पेन धरलं आणि ३ वर खूण केली. अशा वेळी माणसाची पट्टीच बदललेली असते. अभ्यासक त्याला ‘रिस्पॉन्स शिफ्ट’ म्हणतात. आधी न कळता दिलेले ५ आणि आता कळून दिलेले ३. माझ्या तक्त्यात मात्र ही अधोगती आहे.

तिच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. गेट तिला उघडं होतं आणि ती आत जाऊन नुसती बसली नाही, काहीतरी घेऊन बाहेर आली. अर्धी लिफ्ट ही शून्य लिफ्टपेक्षा बरी, हेही शेडवरच्या बायांनीच मला ऐकवलं. त्याला २ देणं अन्याय होता म्हणून तिला ५ देणंही चूकच होतं, असं सरळ गणित मला मांडता आलेलं नाही. त्याच्याकडे जे आधीपासून होतं त्याचे गुण द्यायचे, की वर्षभरात जे नवं आलं त्याचे? आमचा फॉर्म नव्या आलेल्याचे देतो असं म्हणतो आणि प्रत्यक्षात तिसऱ्याच गोष्टीचे देतो : आमच्यासारखं बोलता येण्याचे.

फॉर्ममध्ये काय बदललं

थोडंच. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेने २०१५ च्या मानकांत नऊ क्षमता ठरवल्या होत्या, त्यांत विविधतेची एक आणि न्यायाची एक. प्रत्येक क्षमता किमान दोन मार्गांनी तपासायची, आणि त्यांतला एक प्रत्यक्ष किंवा हुबेहूब उभ्या केलेल्या कामातून, अशी त्यांची अट. आमच्याकडे दोन मार्ग होतेच, तीन होते. पण तिन्हींत साक्षीदार विद्यार्थी स्वतः आणि न्यायाधीश मी. ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं त्यांना रकाना नव्हता.

तो द्यावा म्हणून मी विभागात मांडणी केली. सहकाऱ्यांना वाटलं बाया भावनेने बोलतील. (आम्ही कशाने बोलतो?) पण खरी हरकत शेडवरून आली. “आमच्या बोलण्यानं पोराचं नुस्कान नको,” त्या वयस्कर बाई म्हणाल्या. गुण देण्याचं ओझं त्यांना नको होतं, आणि ते त्यांच्यावर टाकणं बरोबरही नव्हतं. म्हणून आता त्यांचं बोलणं गुणांत येत नाही. टर्मच्या मध्यात आणि शेवटी मी शेडवर जाऊन ऐकते आणि ते विद्यार्थ्यांच्या गटचर्चेत वाचून दाखवते. टर्मच्या मध्यात ऐकलेलं जास्त कामाला येतं, कारण तेव्हा सुधारायला वेळ असतो.

अहवालात एक नवा भाग घातला : ‘या आठवड्यात तुम्हाला कुठे अडवलं, आणि कुठे अडवलं नाही?’ सगळ्यांत जास्त शिकायला यातून मिळतं. पहिले दोन-तीन आठवडे पुण्यातली मुलं लिहितात, ‘कुठेही अडवले नाही.’ चौथ्या-पाचव्या आठवड्यात, जोडीदाराचा अहवाल ऐकून, तेच वाक्य त्यांना खुपायला लागतं.

एक सहकारी आणि मी आता तेच अहवाल वेगवेगळे तपासतो आणि मग गुण जुळवतो. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त जुळले नाहीत. ज्या मुलीला मी ‘नम्र’ म्हटलं होतं तिला त्यांनी ‘बुजरी’ म्हटलं होतं.

क्रियापदं मोजायची युक्ती मात्र एका वर्षात मेली. मी वर्गात हौसेने सांगितली आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्यांच्या फायलींत ‘त्या म्हणाल्या’चा पाऊस. वॉचमनही ‘आले’. मोजपट्टी जाहीर झाली की माणसं पट्टीपुरती उंच होतात. तरी ती खूण मी स्वतःच्या वाचनात ठेवली आहे, आणि ‘म्हणल्या’वर लाल गोल काढणं बंद केलं आहे. विद्यापीठाच्या पेपरात प्रमाण भाषा लागते, ती वेगळी शिकवते.

विधान ७ अजून प्रश्नावलीत आहे. मागच्या वर्षांशी तुलना करता यावी म्हणून काढायचं नाही, असं समितीत ठरलं. त्याखाली ‘का?’ असं लिहून दोन रिकाम्या ओळी तेवढ्या मिळाल्या. बहुतेक जण त्या रिकाम्याच ठेवतात.

मुलाचे गुण बदलले नाहीत. अंतर्गत गुणांचं पुनर्मूल्यांकन आमच्या नियमांत बसत नाही. मी त्याला तसं सांगितलं आणि माझं चुकलं होतं हेही सांगितलं. तो पुन्हा “बरं” म्हणाला.

सोसायट्यांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. यंदा शेडवरून चेअरमनना पत्र गेलं आहे. नव्या तुकडीतल्या दोघांनी लिहून घेतलं, मजकूर अकरा जणींनी सांगितला. उतरतानाचा मुद्दा पहिल्याच ओळीत आहे. खाली सात सह्या, चार अंगठे आणि प्रत्येकीचं पूर्ण नाव. सभेची तारीख अजून कळलेली नाही.